काळ्या कापडाखालची थट्टा

लोणारच्या विवराच्या काठावर हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही चौघे उभे होतो. तिघे बाहेर, आणि चौथा काळ्या कापडात डोके खुपसून. त्याच्यापुढे तीन पायांच्या लाकडी तिपाईवर एक पेटी. गुरे घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थबकले. बराच वेळ त्यांनी हा प्रकार न्याहाळला आणि विचारले, "काय भाऊ, कोणाचं वावर मोजून राह्यले?" फोटो काढतो आहोत, असे आम्ही सांगितले. त्यांना ते पटले नाही. समृद्धी महामार्गाची मोजणी या जिल्ह्याने पाहिली होती. तेव्हापासून मेहकर-लोणारकडे तिपाई दिसली की कोणाची तरी जमीन जाणार, असा लोकांचा समज. "फोटो असता तं आतापावतर निघाला असता," असे म्हणून ते चालते झाले. कापडाखालून आवाज आला, "त्यांना सांगा, हा फोटो निघेपर्यंत रस्ता पुरा होईल!"

मंडळी, कापडाखालून येणाऱ्या अशा बोलण्याविषयीच मी आज सांगणार आहे. मोठ्या फिल्मवर छायाचित्रे घेणारी माणसे आता थोडी उरली आहेत, पण जी आहेत ती एकमेकांची अखंड थट्टा करीत असतात. पाहणाऱ्याला वाटते, हे रिकामटेकड्यांचे विनोद. वस्तुतः त्यातला प्रत्येक विनोद त्या कॅमेऱ्याच्या कुठल्या तरी खोडीतून जन्मलेला असतो. विनोद समजला की कॅमेरा समजतो. निदान मला तरी तो असाच समजला; पुस्तके मी नंतर वाचली.

हा कॅमेरा म्हणजे तरी काय? पुढे एका फळीत बसवलेले भिंग, मागे दुधी काच, आणि दोहोंच्या मध्ये कापडाचा किंवा चामड्याचा घडीचा भाता. भिंगातून आलेला प्रकाश दुधी काचेवर पडतो आणि समोरचे दृश्य तिथे उमटते, पण उलटे. वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. ते अंधुक असते, म्हणून डोक्यावर काळे कापड. लोणारला तर मोठी मौज होते. आकाश तळाशी आणि सरोवर वर टांगलेले! पहिल्यांदा कापडाखाली गेलेला आमचा एक मित्र घाईने बाहेर आला आणि म्हणाला, "पाणी अंगावर सांडेल हो!" त्या दिवसापासून त्याला आम्ही छत्री घेऊन यायला सांगतो. मात्र या उलटेपणाचा फायदाही आहे. ओळखीची वस्तू उलटी दिसली की आपण तिचे नाव विसरतो आणि आकार पाहू लागतो. कडेला आलेली नको ती फांदी, रिकामा पडलेला कोपरा, हे दोष सुलटे पाहताना निसटतात आणि उलटे पाहताना डोळ्यांत भरतात.

काचेवर सारे जुळले की तिच्या जागी फिल्मची चपटी पेटी सरकवायची. हिला स्लाइड म्हणतात. एका स्लाइडमध्ये दोन फिल्मा, पुढे एक आणि मागे एक. त्यांच्यावर सरकती पाती, आणि पात्याची एक कड पांढरी तर दुसरी काळी. पांढरी बाहेर असेल तर फिल्म कोरी आहे, काळी असेल तर चित्र घेऊन झाले आहे, असा संकेत. संकेत सोपा आहे आणि तो न चुकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाच स्लाइडा पाठीवर वाहून नेल्या तर दिवसाकाठी दहा चित्रे होतात. आमच्यातले वकीलसाहेब एकदा दहा चित्रे घेऊन आले आणि धुतल्यावर आठच निघाली. दोन फिल्मा अगदी कोऱ्या, आणि उरलेल्यांपैकी दोहोंवर एकावर एक दोन दृश्ये. एकीवर दैत्यसूदनाच्या मंदिराच्या भिंतीतून एक म्हैस बाहेर येताना दिसत होती. "हाच तो लवणासुर," असे मास्तरांनी जाहीर केले. लवणासुराला विष्णूने मारले, अशी त्या मंदिराची कथा आहे. पण त्याच्या पुनर्जन्माचा पुरावा आमच्या वकीलसाहेबांजवळ आहे.

आता कोणी विचारील, इतका खटाटोप कशासाठी? उत्तर फिल्मच्या आकारात आहे. नेहमीच्या रिळातले एक चित्र चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरचे. आमची लहानात लहान फिल्म चार बाय पाच इंचांची, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे पंधरा पट. जितकी निगेटिव्ह मोठी तितके ती वाढवावी लागत नाही, आणि दगडावरचा छिन्नीचा घावही टिकून राहतो. जुन्या स्टुडिओंत 'हाफ प्लेट' आणि 'फुल प्लेट' हे शब्द घरोघरी ठाऊक होते. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, आणि फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. या काचा वाढवण्याची गरजच नसे. कागदावर ठेवून तेवढेच चित्र छापत.

दुसरे कारण त्या भात्यात आहे. भाता लवचीक असल्यामुळे भिंगाची फळी वर, खाली, तिरपी, कशीही करता येते. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार आहे. साधा कॅमेरा वर उचलून त्याचे चित्र घ्याल तर दोन्ही बाजू वरच्या अंगाला एकमेकींकडे झुकतात आणि दरवाजा मागे कलंडल्यासारखा दिसतो. आमच्या कॅमेऱ्यात पेटी सरळ ठेवून नुसते भिंग वर सरकवले की दरवाजा ताठ उभा राहतो. तिथे मास्तरांनी एका सहलीतल्या मुलांना हे समजावून सांगितले. एक मुलगी चटकन म्हणाली, "म्हणजे मान वर न करता वर बघायचं!" याहून चांगली व्याख्या मला पुस्तकांत सापडली नाही.

भाता म्हटला की आपल्याला लोहार आठवतो, नाही तर बाजाची पेटी. हे नाते कल्पनेतले नाही. केरळात अलप्पुळा येथे १९४० च्या दशकात के. करुणाकरन यांनी 'वागीश्वरी' नावाचा कॅमेरा बनवला. सागवानी लाकूड, पितळी कड्या आणि घडीचा भाता. त्यांच्या घरी वाद्ये दुरुस्त करण्याचा धंदा होता; कोणी तरी परदेशी कॅमेऱ्याचा फाटलेला भाता नीट करायला आणला आणि त्यातून हा उद्योग निघाला, असे सांगतात. देशभरच्या कित्येक स्टुडिओंत तो कॅमेरा होता. आमच्या मास्तरांजवळही एक आहे. त्याच्या भात्याला भोक पडले की डॉक्टर विचारतात, "कोणता सूर गेला? पंचम की षड्ज?" हसण्यावारी नेले तरी भोक वाईटच. टाचणीएवढ्या छिद्रातून उन्हाचा किरण आत गेला की फिल्म गेलीच.

भात्याचे आणखी एक गणित आहे. जवळची वस्तू टिपायची तर भाता लांबवावा लागतो. तो नेहमीच्या दुप्पट लांबला की प्रकाश चौथाईवर येतो आणि चौपट वेळ द्यावा लागतो. शिवाय अंधारात फिल्मही आळसावते. दीर्घ वेळ दिला तर हिशेबाहून अधिक द्यावा लागतो. दैत्यसूदनाच्या मंदिरात आम्ही एकदा छतावरच्या कोरीव कामासाठी बारा मिनिटे भिंग उघडे ठेवले. तेवढ्यात एक कुटुंब आले, दर्शन घेऊन, प्रदक्षिणा घालून निघून गेले. निगेटिव्हवर त्यांचा मागमूस नाही. चालता माणूस एका जागी इतका थोडा वेळ असतो की फिल्मला तो दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, "बाराच मिनिटांत आख्खं कुटुंब गायब! आमच्या दवाखान्यातही असं झालं नाही कधी."

या संथपणावरची थट्टा कोणाच्याही जिवाला लागत नाही, कारण आमच्या आधीच्यांनी काय सोसले ते आम्हांला ठाऊक आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. तेव्हाची रीत 'ओल्या काचे'ची होती. काचेवर कलोडियनचे द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन तिथेच धुवायची. वैशाखात हे करून पाहा! बुलढाणा ज्या डोंगररांगेवर वसले आहे तिच्यातच अजिंठा. तिथे १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करीत होता. लोकांना त्याची प्रेमकथा ठाऊक असते. २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. पण पुढे तो कॅमेऱ्याकडे वळला, आणि १८६४ साली त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला पुस्तकरूपाने निघाली, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याने वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तंबूत घाम गाळून केलेल्या काचांचे ठसे मात्र उरले. हेन्री कझन्सचा दक्षिणेतील मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ साली आला. त्यात लोणारही आहे. त्यातली चित्रे पाहिली की आमची बडबड थोडा वेळ थांबते.

थोडाच वेळ. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. टाळेबंदीमुळे आम्हांला जाता आले नाही. मी हळहळलो तर डॉक्टर म्हणाले, "जाऊन काय करणार होता? तुमच्याकडे फिल्म काळी-पांढरी!" त्यात ते स्वतः दवाखान्यातली क्ष-किरणांची फिल्म कापून वापरतात, कारण ती स्वस्त पडते. ती तांबड्या रंगाला आंधळी. तिच्यावर कुंकू काळे येते, ओठ काळे येतात; गुलाबी सरोवर शाईच्या दौतीसारखे आले असते. आपल्या देशातही उटकमंडला १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता आणि त्याची 'इंदू' फिल्म घरोघरी गेली होती. तोही बंद पडला. म्हणून ही क्ष-किरणांची काटकसर.

असो. एका गोष्टीशिवाय हा विषय मला सोडवत नाही. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध स्टुडिओवाले होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनी पन्नास वर्षे हाफ प्लेटवर गावाचे चेहरे टिपले आणि धंदा बसल्यावर काचा विकून टाकल्या. घेणाऱ्याने त्या सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या आणि तसबिरींना बसवल्या. काका हसत सांगत, "बाबू, गावातल्या निम्म्या देवांपुढं माझ्याच गिऱ्हाइकांची काच हाये." आम्हीही हसत असू. पण पन्नास वर्षांतल्या नवरानवरीच्या जोड्या, तान्ही मुले, पटके बांधलेले पाटील, सारे गरम पाण्याबरोबर मोरीत गेले होते.

त्यांचेच चित्र त्यांच्याच कॅमेऱ्याशेजारी घ्यावे, असे आम्ही ठरवले. दोनच फिल्मा उरल्या होत्या. उजेड कमी, म्हणून दोन सेकंद. डॉक्टर कापडातून बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "काका, हलू नका हं!" जन्मभर जे वाक्य दुसऱ्यांना ऐकवले ते आज आपल्यालाच ऐकावे लागले, याचे काकांना इतके हसू आले की दोन्ही सेकंद ते हसतच राहिले. दुसऱ्या वेळी ते दगडासारखे बसले, आणि मी भिंग बंद करण्याआधीच स्लाइड ओढून काढली. फिल्म पूर्ण काळी झाली. "पुढच्या महिन्यात येतो," असे म्हणून आम्ही निघालो. पुढच्या महिन्यापर्यंत काका राहिले नाहीत.

हलल्या चित्रात खुर्चीच्या वेताचे विणकाम मोजता येते, कॅमेऱ्याच्या पितळेवरचे ओरखडे दिसतात, गुडघ्यावरच्या हातांच्या शिराही दिसतात. चेहरा मात्र हसण्यात विरघळून गेला आहे. त्यांच्या मुलाने तेच चित्र भिंतीवर लावले. चौकटीसाठी माळ्यावर सापडलेली एक जुनी हाफ प्लेट त्याने स्वतः धुऊन घेतली. खालच्या कोपऱ्यात ती नीट धुतली गेलेली नाही. तिथे कोणाच्या तरी लहान मुलाचा बूट आणि लोंबती नाडी अजून दिसते.