राष्ट्रीय प्रतीके व राष्ट्रीय दिन, भारताचे

राष्ट्राचे सार्वभौमत्व व ऐक्य दर्शविणारी, राज्यसंस्थेने रीतसर स्वीकारलेली चिन्हे आणि राष्ट्राच्या इतिहासातील घटनांच्या स्मरणार्थ पाळले जाणारे सार्वजनिक दिन. जन्माने नागरिक असलेल्यास यांचा परिचय शाळेतच होतो. नागरिकत्व मागाहून मिळविणाऱ्यास तो करून घ्यावा लागतो. पुणे परिसरास असे नवे नागरिक अपरिचित नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वसाहत पिंपरी येथे झाली. अविभाजित भारतात मूळ असलेले जे लोक १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिले, ते संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदान्वये आपोआप नागरिक ठरले. नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. पुढे १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने नोंदणी व देशीयकरण यांचे नियम घालून दिले. देशीयकरणासाठी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक असून मराठीचा त्या अनुसूचीत समावेश आहे.

या अधिनियमातील निष्ठेच्या शपथेत ध्वजाचा वा गीताचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. शपथ संविधानाशी निष्ठा, कायद्यांचे पालन आणि नागरिकाची कर्तव्ये यांविषयी आहे. प्रतीकांचा संबंध येतो तो कर्तव्यांमधून. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट केलेल्या ५१ क या अनुच्छेदात संविधान, राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर राखणे हे पहिले मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

राष्ट्रध्वज : संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेला हा ध्वज केशरी, पांढऱ्या व हिरव्या अशा तीन समान आडव्या पट्ट्यांचा असून त्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २ आहे. मधल्या पट्ट्यावर गडद निळ्या रंगाचे, चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र असते. रंगांची वाटणी धर्मांमध्ये करण्याची लोकांना सवय आहे; संविधान सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी केलेला अर्थ मात्र त्याग, सत्य व भूमीशी असलेले नाते असा आहे, आणि तोच ग्राह्य धरणे योग्य. या ध्वजाच्या एका पूर्वजाचे दर्शन पुण्यात घडते. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा ध्वज फडकविला. त्यावर हिरवा, केशरी व तांबडा असे पट्टे, वरच्या पट्ट्यात आठ कमळे, मध्ये देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आणि खाली सूर्य व चंद्रकोर होती. हा ध्वज इंदुलाल याज्ञिक यांनी ब्रिटिशांच्या नजरेआड हिंदुस्थानात आणला व तो पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयाच्या संग्रही आला.

खाजगी व्यक्तीस वर्षभर ध्वज लावण्याची मुभा दीर्घकाळ नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून अंमलात आलेल्या ध्वजसंहितेने ती दिली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. २०२१ च्या अखेरीस खादीबरोबर यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरचे ध्वजही मान्य झाले. २०२२ पासून घरावरील ध्वज रात्रीही ठेवता येतो. फाटका ध्वज लावू नये. तो खाजगी रीतीने, शक्यतो जाळून, नष्ट करावा असा संकेत आहे. हेतुपुरस्सर केलेल्या अवमानास १९७१ च्या अधिनियमाने तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

राजमुद्रा : सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावरून घेतलेली ही मुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारण्यात आली. चारांपैकी तीन सिंह दिसतात. खालचे ‘सत्यमेव जयते’ हे वचन मुंडकोपनिषदातील आहे. ध्वज नागरिकाचाही आहे, मुद्रा मात्र शासनाचीच. तिचा अनधिकृत वापर २००५ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे.

राष्ट्रगीत व राष्ट्रीय गीत : २४ जानेवारी १९५० रोजी रवींद्रनाथ टागोरांचे ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले व बंकिमचंद्रांच्या ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला. या निर्णयापूर्वी ‘वंदे मातरम्’ समूहगायनास व वाद्यवृंदास योग्य नाही, असा आक्षेप होता. तो खोडून काढण्यासाठी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांनी त्यास सुटसुटीत चाल दिली व दिल्लीपर्यंत जाऊन आग्रह धरला. आळंदीत जन्मलेल्या या गायकाचे प्रयत्न पूर्णतः फळास आले नाहीत.

राष्ट्रगीताच्या पूर्ण वादनास सुमारे ५२ सेकंद लागतात. त्या वेळी उभे राहणे अपेक्षित असते. पण गाण्याची सक्ती आहे काय? केरळातील तीन विद्यार्थ्यांना धर्मश्रद्धेमुळे न गायल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. ती मुले आदराने उभी राहत होती व तेवढ्याने आदर व्यक्त होतो, हा न्यायालयाचा अभिप्राय होता. भिन्न श्रद्धा घेऊन आलेल्या नव्या नागरिकास हा निर्णय विशेष महत्त्वाचा वाटेल.

राष्ट्रीय दिन : प्रजासत्ताक दिन (२६ जानेवारी), स्वातंत्र्यदिन (१५ ऑगस्ट) व गांधी जयंती (२ ऑक्टोबर) हे तीनच देशभरचे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस होत. १९३० मध्ये २६ जानेवारीस पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेण्यात आली होती, म्हणून संविधानाच्या प्रारंभासाठी तो दिवस निवडला गेला. पुण्यात १५ ऑगस्टला आणखी एक संदर्भ आहे. १९४२ मध्ये याच दिवशी महादेव देसाई यांचे आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत निधन झाले. कस्तुरबाही तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी निवर्तल्या. दोघांच्या समाध्या त्या आवारात आहेत.

महाराष्ट्रात यांखेरीज १ मे हा राज्याच्या स्थापनेचा (१९६०) दिवस पाळला जातो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने हे चारही दिवस कामगारांस पगारी सुट्टीचे ठरविले असून आणखी चार सणांची निवड मालक व कामगार यांनी ठरवावयाची असते. दिवाळी, ईद, नाताळ इत्यादींच्या सार्वजनिक सुट्ट्या राज्य शासन १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमान्वये दरवर्षी अधिसूचित करते. नव्याने पुण्यात आलेल्यास गणेशोत्सव हाच राष्ट्रीय सण वाटण्याचा संभव आहे. पण गणेशचतुर्थीची सुट्टी राज्याच्या यादीतील आहे, आणि जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्या याहून निराळ्या होत.