युद्धपूर्व काळातील पावसाळी फुटबॉल
गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली नाशकात महाविद्यालय काढले (आजचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय), तेव्हा जवळच देवळालीस गोऱ्या पलटणींची छावणी होतीच. मुंबई इलाख्यात फुटबॉल हा मुख्यतः पावसाळी खेळ. साहजिकच त्याचा हंगाम महाविद्यालयांच्या पहिल्या सत्रात पडे. ही सोय वाटते तितकी निर्वेध नव्हती. त्या काळी पुष्कळ भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर चपळाईस पोषक ठरणारा अनवाणी पाय चिखलात घसरे. बूट घातलेल्या शिपायाचा मात्र रोवला जाई. शिवाय पलटणीस नित्याची कवायत, तर विद्यार्थ्यांचा संघ परीक्षेबरोबर दरसाल विस्कटणारा. १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक भारतीय संघाच्या हाती येण्यास १९३७ साल उजाडावे लागले, यात नवल नाही. बंगलोर मुस्लिम्सने तो त्या वर्षी जिंकला आणि १९३८ सालीही राखला.