मुख्य निवासी डॉक्टर : रुग्णालयातील मधली पायरी

अमेरिकेतील शिक्षण-रुग्णालयांचे वर्ष जुलैच्या प्रारंभी सुरू होते. नुकतीच वैद्यकीय पदवी घेतलेले तरुण-तरुणी त्या सुमारास रुग्णालयात दाखल होतात, आधीची तुकडी एकेक पायरी वर सरकते आणि अंतर्गत वैद्यकाचा तीन वर्षांचा शिक्षणक्रम पुरा केलेले बहुतेक डॉक्टर बाहेर पडतात. त्यांच्यापैकी मोजके काही जण मात्र आणखी एका वर्षासाठी मागे राहतात. त्यांना ‘चीफ रेसिडेंट’ म्हणजे मुख्य निवासी डॉक्टर म्हणतात. त्यांची निवड बरीच आधी झालेली असते आणि रुग्णालयाच्या परिपत्रकातून त्यांचा रीतसर परिचयही करून दिला जातो. जन्मगाव कोणते, शिक्षण कोठे झाले, पुढे कोणत्या शाखेत जाण्याचा मनोदय आहे, फावल्या वेळचे छंद कोणते, असा तो परिचय असतो. त्यावरून माणूस कळतो. पद कळत नाही. बाहेर व्यवसाय थाटला असता कितीतरी अधिक अर्थप्राप्ती झाली असती, असा डॉक्टर वर्षभर सहकाऱ्यांच्या पाळ्या लावण्यात का घालवतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वास्तव्यातून शिक्षण

‘रेसिडेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ अक्षरशः राहणारा, वास्तव्य करणारा असाच होता. बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले, तेव्हा वैद्यक विभागाचे प्रमुख म्हणून विल्यम ऑस्लर यांची आणि शस्त्रक्रियेसाठी विल्यम हॉल्स्टेड यांची योजना झाली. त्यापूर्वी अमेरिकेत पदवीनंतर वर्ष-दीड वर्षाची उमेदवारी काही रुग्णालयांत करता येत असे. परंतु रुग्णालयातच राहून, वर्षागणिक वाढत जाणारी जबाबदारी पेलत तज्ज्ञ होण्याचा पद्धतशीर क्रम असा नव्हता. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली ती १८८६ मध्ये, म्हणजे हे रुग्णालय उघडण्याच्या तीन वर्षे आधी. पदवी मिळताच त्यांच्याकडे कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची सूत्रे सोपविण्याचे ठरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी झालेल्या त्यांच्या अकाली निधनाने ते राहून गेले. त्या काळी नवा पदवीधर आणि पूर्ण जबाबदारीचा डॉक्टर यांच्यामध्ये पायऱ्या जवळजवळ नव्हत्याच, हे या नेमणुकीवरूनही ध्यानात येते.

ऑस्लर व हॉल्स्टेड यांनी जर्मन विद्यापीठांतील सहायकांची पद्धत पाहिली होती. तिच्या धर्तीवर त्यांनी या पायऱ्या बांधल्या. तरुण डॉक्टर रुग्णालयाच्या घुमटाच्या इमारतीत राहत, तेथेच जेवत आणि हाक येताच वॉर्डात धावत. सर्वांत वरच्या पायरीवर एकच निवासी डॉक्टर असे. ऑस्लर यांचा पहिला निवासी वैद्य माँट्रियलचा हेन्री लाफ्लर. त्याच्यानंतर १८९१ पासून विल्यम सिडनी थेयर यांनी हे पद सात वर्षे सांभाळले. सात वर्षे एका पदावर निवासी म्हणून राहणे आज कोणालाही रुचणार नाही. परंतु विभागाचे दैनंदिन कामकाज ज्याच्या खांद्यावर असते तो हा माणूस, ही प्रथा येथूनच पडली.

हॉल्स्टेड यांची रचना अधिक कठोर होती. ती निमुळत्या मनोऱ्यासारखी होती. तळाशी अनेक उमेदवार घ्यावयाचे, दरवर्षी काहींना गळू द्यावयाचे आणि शेवटी शिखरावर एकाला ठेवावयाचे. तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या हाताखाली अवघे १७ जण मुख्य निवासी शल्यविशारद झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे हार्वी कुशिंग हे त्यांच्याच हाताखाली निवासी होते. पद्धतीचे फळ उत्तम होते, यात शंका नाही. पण गळालेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एडवर्ड चर्चिल यांनी मनोरा मोडून आयताकृती रचना पुढे आणली. तीनुसार ज्यांना प्रवेश दिला त्यांना शेवटपर्यंत शिकवावयाचे, असे ठरले. पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे शस्त्रक्रिया विभागात शेवटच्या वर्षाचे सर्वच निवासी ‘चीफ’ म्हणविले जातात, तर अंतर्गत वैद्यक व बालरोग या शाखांत हे बहुधा शिक्षणक्रम संपल्यानंतरचे एक जादा, निवडून दिलेले वर्ष असते.

जॉन्स हॉपकिन्समध्ये आजही ऑस्लर यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणक्रमात १९७५ पासून निवासी डॉक्टरांची चार पथके आहेत. बार्कर, जेनवे, लाँगकोप आणि थेयर ही त्यांची नावे. हे चौघेही ऑस्लर यांच्यानंतर त्या विभागाचे प्रमुख होऊन गेले. प्रत्येक पथकावर एक मुख्य निवासी असतो. सात वर्षे निवासी राहिलेल्या थेयर यांचे नाव एका पथकाला मिळावे, हे उचितच झाले.

काम कोणते?

या पदाचे काम एका वाक्यात सांगता येत नाही. एकत्र कुटुंबातील थोरल्या सुनेची उपमा त्याला अधिक जुळते. ती सासू नसते, नवी नवरीही नसते. परंतु घरात काय शिजले, कोण उपाशी राहिले आणि कोण रुसून बसले याची खबर तिलाच आधी लागते. मुख्य निवासी डॉक्टर तसाच. कालपर्यंत तो इतरांच्या बरोबरीने जागरण करीत होता. आज तो प्राध्यापकांच्या बैठकीत बसतो. कोणाला काढून टाकण्याचा अधिकार त्याला नाही, कोणाला बढती देण्याचाही नाही. त्याचा शब्द चालतो तो केवळ सहकाऱ्यांच्या विश्वासावर.

त्याचे पहिले काम कामाच्या पाळ्या लावण्याचे. वर्षभर कोणता डॉक्टर कोणत्या महिन्यात अतिदक्षता विभागात, कोण बाह्यरुग्ण विभागात, कोण रात्रपाळीला, याचा तक्ता तो तयार करतो. एखादीचे बाळंतपण जवळ आलेले असते, एखाद्याचे वडील आजारी असतात, एखाद्याची परीक्षा असते. पहाटे पाचला कोणी ‘मला ताप आहे’ असे कळविले, की त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागतो. आणि ज्याला उठवायचे त्याची झोपमोडही न्याय्य वाटली पाहिजे. हे काम कारकुनी वाटते खरे. पण विभागात न्याय आहे की नाही, हे तरुण डॉक्टर प्राध्यापकांच्या भाषणांवरून ठरवीत नाहीत. ते पाळ्यांच्या तक्त्यावरून ठरवितात.

दुसरे काम शिकविण्याचे. सकाळी ‘मॉर्निंग रिपोर्ट’ नावाची बैठक भरते. रात्री दाखल झालेल्या एखाद्या रुग्णाची हकीकत कनिष्ठ डॉक्टर मांडतो आणि मुख्य निवासी ती टप्प्याटप्प्याने उलगडू देतो. पायावर सूज आहे, दम लागतो आहे, एवढे कळताच सर्वांच्या तोंडी हृदयविकार येतो. तो विचारतो, लघवी तपासली काय? यकृताचे काय? कोणतीही चाचणी सांगण्यापूर्वी, तिच्या उत्तराने उपचारात काय फरक पडेल, हे त्याला ऐकावयाचे असते. चांगल्या मुख्य निवासी डॉक्टराची खूण अशी की, उत्तर ठाऊक असूनही तो ते लवकर सांगत नाही. आणि चुकलेल्याचे हसे होऊ देत नाही. मृत्यू व गुंतागुंतीच्या घटनांचा ठरावीक काळाने जो आढावा घेतला जातो, त्याच्या तयारीतही त्याचा मोठा वाटा असतो. तेथे ‘कोण चुकले’ यापेक्षा ‘चूक कोठून शिरली’ हे शोधावयाचे असते. म्हणावयास सोपे, पाळावयास कठीण.

यांखेरीज नव्या उमेदवारांच्या मुलाखती, निवासी डॉक्टरांची गाऱ्हाणी व्यवस्थापनापर्यंत नेणे, व्यवस्थापनाचा नकार परत आणणे, ही कामे आहेतच. वर्षातील काही आठवडे तो स्वतः वॉर्डाचा जबाबदार डॉक्टर म्हणूनही उभा राहतो.

रात्रीचे दोन वाजता

या पदाचे खरे मोल रात्री कळते. पहिल्या वर्षाचा डॉक्टर रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णापाशी उभा असतो. रुग्णाचा श्वास वाढला आहे, रक्तदाब उतरतो आहे. वरिष्ठाला उठवावे की थोडी वाट पाहावी? ‘एवढ्यासाठी उठवलेस?’ हे वाक्य ज्याने एकदा ऐकले, तो दुसऱ्यांदा वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्याची किंमत रुग्ण मोजतो. विभागात हाक मारण्याची सवय असावी की भीती असावी, हे मुख्य निवासी डॉक्टरांच्या वागण्यावर फार अवलंबून असते.

१९८४ साली न्यूयॉर्कमध्ये १८ वर्षांची एक युवती ताप व अस्वस्थता यांमुळे रात्री रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर प्रदीर्घ काळ कामावर होते, त्यांच्याकडे इतर अनेक रुग्णही होते आणि वरिष्ठांचे मार्गदर्शन दूरध्वनीवरून झाले होते. चौकशीत व्यक्तींपेक्षा पद्धतीवर अधिक ताशेरे ओढले गेले. परिणामी १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामास आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि वरिष्ठांच्या देखरेखीविषयी नियम केले. २००३ पासून ८० तासांची मर्यादा संपूर्ण अमेरिकेतील शिक्षणक्रमांना लागू झाली. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची सलग पाळी १६ तासांवर आणली गेली. २०१७ मध्ये ती पुन्हा २४ तासांपर्यंत नेण्यात आली. कारण पाळ्या लहान झाल्या की रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अधिक वेळा जातो आणि दर खेपेस माहितीचा एखादा धागा सुटण्याचा संभव असतो. थकवा बरा की हस्तांतर बरे, या वादाचा निकाल सर्वांना पटेल असा अजून लागलेला नाही. ८० तास हेसुद्धा थोडे नव्हेत, हे येथे सांगितले पाहिजे.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात हे पद या नावाने सहसा आढळत नाही. काम मात्र आढळते. मुंबईच्या जुन्या रुग्णालयांत ब्रिटिश वळणाची ‘हाउसमन’ व ‘रजिस्ट्रार’ ही पदनामे दीर्घकाळ प्रचारात होती. पदव्युत्तर पदवीच्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाचा निवासी रक्त काढण्यापासून कागदपत्रे नेण्यापर्यंत सर्व काही करतो, आणि तिसऱ्या वर्षाचा निवासी पाळ्या लावतो, शिकवतो व रात्री निर्णय घेतो. हे तो स्वतःची परीक्षा डोक्यावर असताना करतो, हा मोठा फरक. त्याच्यावर ज्येष्ठ निवासी डॉक्टर असतो. शिकविणारा व सांभाळणारा म्हणून त्याला वेगळा वेळ मिळत नाही. वॉर्डातील गर्दी तो शिल्लक ठेवीत नाही.

कामाच्या तासांविषयी केंद्र शासनाने १९९२ मध्येच निर्देश दिले होते. सलग १२ तासांहून अधिक नव्हे आणि आठवड्याला ४८ तास, असे त्यांचे स्वरूप होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत वाजवी कामाचे तास, पुरेशी विश्रांती, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची नैमित्तिक रजा यांचा उल्लेख आहे. निवासी डॉक्टरांच्या संघटनेने वेळोवेळी मांडलेली गाऱ्हाणी पाहता, नियम आणि वॉर्ड यांच्यातील अंतर मिटलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

ग्रामीण भागाशी या विषयाचा थेट संबंध येतो तो जिल्हा निवासी कार्यक्रमामुळे. २०२० साली नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार एम.डी. किंवा एम.एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला तिसऱ्या, चौथ्या अथवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करावे लागते. २०२३ च्या नियमांनुसार किमान ५० खाटांचे शासकीय रुग्णालय यासाठी चालते. हा डॉक्टर बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, अपघात विभाग व रात्रपाळी पाहतो. मात्र तेथील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मोठ्या शहरातील रुग्णालयात त्याच्या आसपास दहा सहकारी असतात. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री तो बहुधा एकटाच असतो, आणि त्याला हाक मारण्यासाठी वर कोण आहे, हा प्रश्न तेथे अधिकच तीव्र होतो.

रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्या लोकप्रतिनिधींना यासंबंधी चौकशी करणे अवघड नाही. अपघात विभागात पाळ्यांचा फलक असतो. त्यावर रात्रीच्या निवासी डॉक्टराच्या नावासमोर जबाबदार तज्ज्ञाचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला आहे काय, तो क्रमांक या महिन्याचा आहे की मागील वर्षीचा, आणि त्यावर रात्री फोन केल्यास कोणी उचलतो काय, हे बैठकीस जाण्यापूर्वी पाहून घेता येते. दर तीन महिन्यांनी नवा डॉक्टर येतो. त्यामुळे हे पाहण्याचे कामही दर तीन महिन्यांनी नव्याने करावे लागते.