तोवरचं काय?

"चार महिने झाले साहेब, पगार पडला न्हाई."

तालुक्याच्या कचेरीत, संजय गांधी शाखेच्या टेबलापाशी मी दुसऱ्याच कामासाठी उभा होतो. माझ्या पुढे पन्नाशीचे एक शिंपी होते. लहानपणीच्या पोलिओने वाळलेला पाय, टेबलाला टेकवलेली कुबडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. निराधार योजनेच्या अनुदानाला खेड्यापाड्यांत सर्रास 'पगार' म्हणतात. महिन्याच्या महिन्याला येतो आणि त्यावर घर चालतं, म्हणजे पगारच की. लिपिकाने संगणकात पाहिलं. "नाव कमी झालंय तुमचं, मामा. नव्याने अर्ज द्या, कमिटीची मीटिंग झाली की बघू." मीटिंग कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आन् तोवर किराणावाल्याला काय सांगू?"

लिपिकाकडे उत्तर नव्हतं, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. नेमका हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि तिथेही तो हरला होता.

तिथले मामा म्हणजे जॉर्ज एल्ड्रिज. राहणार व्हर्जिनिया. पाठीचं दुखणं आणि सततची चिंताविकृती यामुळे काम करता येत नाही, म्हणून जून १९६८ मध्ये त्यांना सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता मंजूर झाला. हा भत्ता म्हणजे खैरात नव्हे. माणूस कमावता असताना त्याच्या पगारातून जो कर कापला जातो, त्यातूनच तो मिळतो. मार्च १९७२ मध्ये एल्ड्रिज यांना टपालाने एक प्रश्नावली आली. त्यांनी ती भरली, तब्येतीत सुधारणा नाही असं लिहिलं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नावं दिली. कचेरीने डॉक्टरांचे अहवाल मागवले आणि कळवलं की मधुमेह आटोक्यात आहे, पाठीच्या हालचालींवर फारसं बंधन नाही, मानसिक त्रासही काम अडवण्याइतका उरलेला नाही. सबब तुमचं अपंगत्व संपलं आहे. एल्ड्रिज यांनी उत्तर धाडलं. मला पाठीची उसण नाही, मणक्याचा संधिवात आहे, आणि माझं अपंगत्व सिद्ध करायला लागणारे कागद तुमच्याकडे आधीच आहेत, असा त्याचा आशय. जुलैत भत्ता बंद झाल्याचं पत्र आलं.

अपिलाची वाट होती. फेरविचार, मग न्यायाधीशासमोर सुनावणी, मग वरची परिषद, मग न्यायालय. पण भत्ता आधी बंद व्हायचा आणि समोरासमोरची सुनावणी नंतर. दोहोंत वर्षाहून अधिक काळ जायचा, हे खुद्द न्यायालयानेच निकालपत्रात नोंदवलं आहे. एल्ड्रिज यांनी त्या वाटेला न जाता थेट दावा लावला. आधी माझं ऐका, मग बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांच्या हाताशी एक ताजा निकालही होता. १९७० मध्ये 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की गरिबांची सरकारी मदत सुनावणीआधी तोडता येणार नाही. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन. पण २४ फेब्रुवारी १९७६ ला एल्ड्रिज यांच्या खटल्याचा निकाल लागला तेव्हा ब्रेनन अल्पमतात होते. सहा विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी एक तराजू मांडला, जो अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही घोकतात. माणसाचं किती जातं? सध्याच्या पद्धतीत चूक होण्याचा धोका किती, आणि आणखी सुनावणी दिल्याने तो किती घटेल? सरकारवर बोजा किती पडेल? गरिबांची मदत हा शेवटचा आधार असतो, अपंगत्वाचा भत्ता मात्र गरिबी पाहून दिला जात नाही, म्हणून या माणसाला थोडं थांबता येईल, असा त्यांचा हिशेब. शिवाय इथे पुरावा तज्ज्ञ डॉक्टरांच्या कागदांचा, त्यात माणसाचं तोंड पाहून ठरवण्यासारखं फारसं काही नसतं, असंही त्यांचं मत.

या निकालपत्रातली एक गंमत सांगायलाच हवी. भत्ता तोडण्याचे किती निर्णय चुकीचे ठरत होते? एल्ड्रिज यांच्या बाजूने आकडा मांडला ५८.६ टक्के. सगळी प्रकरणं हिशेबात धरली तर हाच आकडा ३.३ टक्क्यांवर येतो, असं सरकारच्या बाजूने मांडलं गेलं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. अपील लढवून वरपर्यंत पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जिंकत होते. पण बहुतेक लोक तिथवर पोचतच नव्हते आणि आकडेवारीत ते 'योग्य निर्णय' म्हणून जमा होत होते. थकून घरी बसलेल्या माणसाचं मौन सरकारच्या खात्यात जमा धरायचं की नाही, यावर सगळा फरक. मला विचाराल तर पॉवेल यांचा तराजू इथेच कलला.

ब्रेनन यांच्या असहमतीत मात्र तराजूऐवजी एक खाट आहे. भत्ता थांबल्यावर एल्ड्रिज यांचं घर कर्जापायी जप्त झालं, हप्त्यावरचं फर्निचर उचलून नेलं आणि नवरा, बायको, मुलं अशा सगळ्यांना एकाच खाटेवर झोपावं लागलं, असं त्यांनी लिहिलं आहे. या माणसाला थोडं थांबता येईल, या गृहीतकाला दिलेलं हे उत्तर. एल्ड्रिज यांना पुढे भत्ता परत मिळाला तो त्याच नेहमीच्या अपिलाच्या वाटेने. म्हणजे त्यांचं म्हणणं मुळात खरं होतं आणि तरीही ते खटला हरले.

मग आली १९८१ ची झडती. दर तीन वर्षांनी फेरतपासणी करण्याचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. रेगन सरकारने तो मुदतीआधीच आणि जोरात राबवायला घेतला. पुढच्या तीन वर्षांत पाच लाखांच्या आसपास लोकांचा भत्ता तोडला गेला. त्यातल्या दोन लाखांहून अधिक जणांना अपिलात तो परत मिळाला. त्यांच्यात रॉय बेनाविडेझही होते. व्हिएतनामच्या लढाईत अंगाची चाळण झालेल्या या सैनिकाच्या गळ्यात फेब्रुवारी १९८१ मध्ये रेगन यांनी स्वतः सर्वोच्च शौर्यपदक घातलं होतं. दोन वर्षांत त्याच सरकारच्या कचेरीने त्यांना कळवलं की तुम्ही काम करू शकता. बेनाविडेझ यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, अपील केलं आणि ते जिंकलेही. पण पदक नसलेल्यांची साक्ष कोण छापणार? तरी एव्हाना निम्म्याहून अधिक राज्यांनी एक तर स्वतःहून, नाहीतर न्यायालयांच्या आदेशाने ही तोडातोडी थांबवली होती.

न्यायालयाने जे नाकारलं ते अखेर संसदेने दिलं. जानेवारी १९८३ च्या कायद्याने अपील चालू असताना भत्ता चालू ठेवण्याची मुभा आली. ऑक्टोबर १९८४ च्या कायद्याने त्याहून मोठी गोष्ट केली. त्याआधी कचेरी जुनंच दुखणं नव्या, कडक नजरेने पाहून 'तुम्ही मुळी अपंग नाहीच' असं म्हणू शकत असे. आता तिला दाखवावं लागतं की मागच्या निर्णयानंतर प्रकृतीत खरोखर सुधारणा झाली आहे आणि त्या सुधारणेमुळे माणसाला काम करता येईल. दोन्ही सभागृहांत या कायद्याच्या विरोधात एकही मत पडलं नाही.

या कायद्याखालच्या नियमांत एक कलम असं आहे की ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. सुधारणा मोजायची तर जुनी फाइल हवी. ती कचेरीला सापडली नाही आणि पुन्हा जुळवताही आली नाही, तर 'सुधारणा झाली' असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणजे फाइल हरवली तर फायदा अपंग माणसाचा! आपल्याकडे 'फाइल सापडत नाही' हे वाक्य ऐकून किती जणांनी गावची एसटी पकडली असेल.

आज तिथे बंदचं पत्र आलं की दोन घड्याळं एकदम सुरू होतात. अपिलाला साठ दिवस. भत्ता चालू ठेवा, हे लिहून द्यायला मात्र फक्त दहा दिवस. टपालाचे पाच दिवस दोन्हींत वर धरतात. फसगत होते ती इथेच. साठ आकडा डोक्यात राहतो, माणूस डॉक्टरांचे कागद जमवत बसतो, विसाव्या दिवशी अपील टाकतो. अपील दाखल होतं, पण पैसे थांबतात. उशिराचं सबळ कारण पटलं तरच ते मागाहून सुरू होतात. प्रत्येक टप्प्यावर ही दहा दिवसांची मुदत गाठली, तर न्यायाधीशाचा निकाल लागेपर्यंत भत्ता येत राहतो. फेरविचारही आता नुसता कागदोपत्री होत नाही, पहिल्या निर्णयात ज्याचा हात नव्हता असा अधिकारी समोर बसवून ऐकून घेतो. यात मेख अशी की शेवटी हरलात तर मधले पैसे परत मागितले जातात. प्रामाणिकपणे अपील केलं होतं, असं दाखवून वसुली माफ करण्याची विनंती करता येते. पण त्या वसुलीच्या धास्तीनेच काही जण ही मुभा सोडून देतात.

आपल्याकडे तत्त्वाला तोटा नाही. ज्या सरकारी हुकमाने माणसाचं नुकसान होतं, तो काढण्याआधी त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच डॉ. बिनापाणी देई यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. प्रमाणपत्र नाकारलं किंवा त्यावरची टक्केवारी मान्य नसेल, तर त्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येतं. दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार नेता येते. राज्यात दिव्यांगांचं निराधार अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झालं, तेही चांगलंच. पण हयातीचा दाखला राहिला, आधारची जोडणी तुटली, की आधी पैसे थांबतात आणि चौकशी मागाहून होते. निकाल लागेपर्यंत पैसे चालू ठेवा, असं लिहून देण्याची सोय आपल्या कुठल्या अर्जावर मला तरी अजून दिसलेली नाही.

त्या दिवशी मामांना मी एवढंच विचारलं, "नाव कमी केल्याचं काही पत्र आलं होतं का घरी?" नव्हतं आलं. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून आम्ही अर्ज लिहिला. माझं नाव कोणत्या तारखेच्या आदेशाने, कोणत्या कारणाने कमी केलं, ते लेखी कळवावं. आदेशाची प्रत द्यावी. निर्णय होईपर्यंत अनुदान चालू ठेवावं. शेवटची ओळ कुठल्याही नियमात बसत नव्हती, तरी लिहिली. दोन प्रती केल्या. आवक बारनिशीच्या टेबलावर एक दिली आणि दुसरीवर तारखेचा गोल शिक्का मारून घेतला.

मामांनी शाई वाळेपर्यंत तो कागद हातात धरला. मग घडी करून पासबुकाच्या पिशवीत घातला, कुबडी काखेत घेतली आणि पायरीपाशी थांबून मला म्हणाले, "ह्यो शिक्का किराणावाल्याला दावला तर चालंल का हो?"