कोलाजमधलं लोणार गुलाबी का नको?

दिवाळीत घरी गेले तेव्हा गावच्या वाचनालयासाठी बुलढाणा जिल्ह्याचं फोटो-कोलाज करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पीएचडी करते म्हणजे हिला कॉम्प्युटरवरचं सगळं येतं, असा गावात समज आहे. फोटो जमवले: सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा, लोणारचं दैत्यसुदन मंदिर, शेगावची पालखी, भेंडवळची घटमांडणी. (घटमांडणीच्या भाकितावर माझा विश्वास नाही. पण अक्षय्य तृतीयेला तिथे जमणारी माणसं आमचीच आहेत ना!) आणि मधोमध, सगळ्यात मोठं, गुलाबी लोणार सरोवर.

आबांनी पाहिलं आणि विचारलं, "काऊन वं, तळं आता असंच असते का?"

नसतं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं आणि फोटो जगभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले आणि या मंडळींचं फावलं. त्यांच्यात कॅरोटिनॉइड गटातली रंगद्रव्यं असतात. गाजराचा रंगही याच गटातला. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच! युक्रेनच्या दक्षिणेला सिवाश भागातली खारी तळीही गुलाबी होतात. तिथे मुख्य कारण ड्युनालिएला सलायना हे शेवाळ. रंग तसाच, जीव वेगळा.

एरवी लोणार हिरवं असतं. माझ्याकडचा गुलाबी फोटो तर कुणीतरी रंग आणखी चढवून पाठवलेला. शिवाय त्यात नुसतंच पाणी होतं. लोणारचं वेगळेपण आहे ते उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात, आणि त्या फोटोत विवराचा काठच नव्हता. म्हणून काठावरून घेतलेला हिरवा फोटो मध्ये आणला. गुलाबी कोपऱ्यात, खाली 'जून २०२०' लिहून.

आता आकाराचं गणित. छपाईवाला म्हणाला, "३०० डीपीआयच पाहिजे." खरंच पाहिजे का? चांगल्या नजरेला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा ६०वा भाग, एवढ्या कोनावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. दोन फुटांवरून हे अंतर ०.१८ मिलिमीटर भरतं, म्हणजे इंचाला साधारण १४३ ठिपके. सहा फुटांवरून ४८ पुरतात. भिंतीवरचं कोलाज कुणी नाक लावून बघत नाही, तेव्हा मी १५० धरले. तीन फूट बाय दोन फुटांचं कोलाज म्हणजे ५४०० बाय ३६०० पिक्सेल.

हाच हिशोब प्रत्येक फोटोला लावायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो १६०० बाय १२०० पिक्सेलचा असेल, तर तो जेमतेम पावणेअकरा बाय आठ इंच छान दिसेल. त्याहून मोठा केला की जवळून धूसर. म्हणून मूळ फाइलच मागवा, डॉक्युमेंट म्हणून. आणि मागताना छापायची परवानगीही विचारा, फोटो ज्याने काढला त्यालाच.

अडलंय फक्त दैत्यसुदन मंदिराशी. माझा फोटो भरदुपारचा. ऊन डोक्यावर, त्यामुळे भिंतीवरच्या मूर्ती सपाट दिसतात. तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की कोरीवकाम उठून येतं. रविवारी पहाटेच्या एसटीने पुन्हा लोणारला निघालेय. आबा पण येणार म्हणतात.