डब्लिनचे नरसाळे आणि रत्नागिरीचे ‘पानी’

इंग्रजी घेऊन एम.ए. करणारी आमची मुले आयरिश साहित्यावर एकच वाक्य पाठ करतात : आयर्लंड इंग्रजांचा गुलाम होता, भारतही होता, म्हणून दोघांचे दुःख सारखे. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे.

जेम्स जॉइसची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ ही कादंबरी १९१६ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला आणि इकडे रत्नागिरीत, इंग्रजांनी तीस वर्षे नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा मेला. कादंबरीतला स्टीफन हा विद्यार्थी दिव्यात तेल ओतायच्या नरसाळ्याला जो शब्द वापरतो, तो कॉलेजच्या इंग्रज डीनने कधी ऐकलेलाच नसतो. आपण बोलतो ती भाषा समोरच्याच्या मालकीची, हे पोराच्या मनाला लागते. पुढे तो कोश उघडतो, तर शब्द अस्सल इंग्रजीच निघतो!

आमच्या वस्तीतल्या पोराने वर्गात ‘पानी’ म्हटले की हशा पिकतो. तिथे हसणारा इंग्रज नसतो. मग आपणही कोश उघडूया. पालीत शब्द ‘पानीय’, आणि हसणाऱ्यांच्या संस्कृतातही ‘पानीय’च. ‘न’ आमचाच जुना!

राज्य परक्याचे गेले तरी कोणाचे आले, हा प्रश्न आयर्लंडलाही चुकला नाही. मंडणगड तालुक्यातले आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात रेडमंड आणि कार्सन यांचा संवाद मुद्दाम दिला आहे. रेडमंड म्हणतो, हवी ती संरक्षणे घ्या, पण आयर्लंड एक ठेवा. कार्सन संरक्षणे झिडकारतो; त्याला रेडमंडचे राज्यच नको. बाबासाहेबांनी आयर्लंड वाचला तो असा, अल्पसंख्याकांच्या बाजूने. पुढे आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या १९३७च्या घटनेवरून आली, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

१९०७ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरात सिंगच्या ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वर दंगा झाला. दंगा करणारे इंग्रज नव्हते, राष्ट्रवादी आयरिश होते. खेड्यातली माणसे त्यांना सोवळी हवी होती. १९७२च्या ‘गोलपिठा’ची भाषा ऐकून आपल्याकडे कोणी कोणी नाके मुरडली, ते आठवा. परीक्षेत दहा मार्कांची टीप लिहिताना आमच्या मुलांनी हेही लिहावे. मार्क कापले गेले, तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते.