साताऱ्याची वाट

'साहित्य संमेलन म्हणजे नेमके काय असते गं?' असे वर्गातल्या एका मैत्रिणीने मला विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. वर्तमानपत्रात अध्यक्षांचा फोटो आणि एखादा वाद यापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हते. म्हणून यंदा स्वतःच जाऊन पाहायचे ठरविले. १ ते ४ जानेवारी २०२६ या दिवसांत साताऱ्याला ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते 'पानिपत'कार विश्वास पाटील.

अंबाजोगाईहून सातारा तीनशेहून अधिक किलोमीटर आहे. परंतु हा रस्ता मला नवा नव्हता. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की आमच्या गावातले निम्मे लोक मुकादमाची उचल घेऊन त्याच दिशेला निघतात. लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या बोचक्यांवर बसून मीही गेले आहे. पुढे शाळेसाठी आजीपाशी राहिले. आमच्या घरात महाविद्यालयात पाऊल टाकणारी मी पहिलीच. यंदा आईवडिलांची टोळी कोरेगावजवळ उतरली होती, म्हणजे साताऱ्याच्या अलीकडेच. मुक्कामाचा प्रश्न असा आपोआप सुटला.

पहाटेची गाडी धरली. कळंब, बार्शी, पंढरपूर अशा गाड्या बदलीत निघाले. मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ते नसते तर हा लेखही नसता! पंढरपूर मागे पडल्यावर म्हसवड, दहिवडी असा माणदेशाचा उघडाबोडका मुलूख लागतो. याच माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली संमेलनाध्यक्ष झाले, आणि ते संमेलन भरले होते आपल्या अंबाजोगाईत! मुकुंदराजांच्या या गावात शिकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? मला तरी नव्हते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ साली, जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले शंकरराव खरात. तेही माणदेशातले, आटपाडीचे.

पुढे पुसेगाव लागते. महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण याच भागात आहे. संमेलनाच्या इतिहासात फुल्यांचे स्थान न विसरता येण्यासारखे आहे. पहिले संमेलन १८७८ साली पुण्यात भरले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांचा त्यात पुढाकार होता. त्याचे नाव 'ग्रंथकार संमेलन', म्हणजे ते लिहिणाऱ्यांचे होते. १८८५ साली दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण रानड्यांनी फुल्यांना धाडले. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. आमच्या लोकांचे हाल ज्यांच्या ग्रंथांत उतरत नाहीत, त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करावे, असा त्या पत्राचा आशय होता. उसाने भरलेल्या बैलगाड्या खिडकीतून मागे पडत होत्या, आणि त्या पत्रातला प्रश्न काही माझ्या मनातून हलेना.

कोपीवर पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. आईने भाकरी थापता थापता विचारले, "पुस्तकं तर तुमच्या कालेजात बी हायेत की. मग येवढ्या लांब कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी संमेलनाला गेले आणि रात्री तिला जे सांगितले, तेच येथे लिहिते.

संमेलन भरविते ते अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ. पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा येथील साहित्यसंस्थांनी मिळून १९६१ साली ते स्थापन केले. दरवेळी गाव वेगळे असते. आरंभी ग्रंथदिंडी निघते. पालखीत देव नसतो, ग्रंथ असतात. मग अध्यक्षांचे भाषण, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. पूर्वी अध्यक्षपदासाठी मतदान होई. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष एकमताने निवडले जातात. अध्यक्षांचे भाषण हा नुसता उपचार नसतो. याच सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडला, १९७५ साली आणीबाणी चालू असताना अध्यक्ष दुर्गा भागवतांनी व्यासपीठावरून तिच्याविरुद्ध आवाज उठविला होता.

पण मला सर्वांत आवडली ती पुस्तकांची दालने. मंडपात मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या, दालनांतून फिरणाऱ्या माणसांपैकी बहुतेक जण लेखक नव्हतेच! माझ्या शेजारी एक निवृत्त कंडक्टर होते. संमेलन कुठेही असो, ते जातात. पिशवीतली यादी काढून त्यांनी मला दाखविली. त्यांना पाहून मला उमगले की हा आता नुसता ग्रंथकारांचा मेळा नाही. वाचकाला आपल्यासारखी वेडी माणसे एरवी भेटत नाहीत, ती येथे भेटतात. लांबचा प्रवास माणूस त्यासाठीच करतो.

मग फुल्यांच्या प्रश्नाचे काय? माडगूळकर आणि खरात अध्यक्ष झाले, हे त्याचे एक उत्तर आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, हे दुसरे, अधिक करारी उत्तर. तरीही मी दालनांतून फिरताना ऊसतोडीवरची पुस्तके शोधीत होते, तेव्हा मंडपापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर माझी आई मोळ्या बांधीत होती. तिला संमेलन भरल्याचा पत्ताही नव्हता. म्हणून तो प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही.

मी तीन पुस्तके आणली होती. आईला वाचता येत नाही. त्यातले एक तिने हातात घेऊन उलटसुलट पाहिले, कोयत्याने चिरलेली बोटे पदराला पुसली आणि म्हणाली, "वाच की थोडं."

कंदिलाच्या उजेडात मी वाचू लागले. शेजारच्या कोपीतल्या दोन बायकाही येऊन बसल्या. पहाटे तोडीला जायचे होते, तरी दोन प्रकरणे होईपर्यंत कुणी उठले नाही.

पुढचे संमेलन शंभरावे. ते कुठेही भरो, मित्रमैत्रिणींनो, एस. टी.ने का होईना, एकदा जाऊन याच. आणि परत आल्यावर घरी कुणीतरी विचारील, 'काय होतं तिथं?' तेव्हा बसून सांगा.

(द्वितीय वर्ष, कला)